उजेड किती, आणि ठरवणार कोण?

९, १० आणि ११ नोव्हेंबर. पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. या संध्याकाळी कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडपाखालून सरकत गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. परंपरेचा क्रम असा, की पहिल्या दिवशी देवीचे चरण उजळतात, दुसऱ्या दिवशी किरणं छातीपर्यंत चढतात आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. वाटेत ढग आला, हवेत धूळ असली किंवा एखादं बांधकाम आडवं आलं, तर ती अर्ध्यावरच थांबतात.

हेच दिवस का? २१-२२ डिसेंबर हा उत्तरायण सुरू होण्याचा दिवस मधे धरा आणि दोन्ही बाजूंना मोजा. इकडे एक्केचाळीस दिवस, तिकडे बेचाळीस. दक्षिणेकडे निघालेला सूर्य नोव्हेंबरात क्षितिजाच्या ज्या बिंदूवर मावळतो, त्याच बिंदूवर तो परतीच्या वाटेवर जानेवारीअखेर मावळतो. तो बिंदू नेमक्या पश्चिमेपासून साधारण १८ अंश दक्षिणेला आहे. ज्यांनी हे देऊळ आखलं त्यांनी त्या बिंदूकडे रोखून दगडाची एक लांब वाट मोकळी ठेवली. सूर्याच्या पृष्ठभागावरून निघालेला उजेड आठ मिनिटं वीस सेकंद अंतराळातून प्रवास करतो आणि शेवटच्या काही पावलांत एका दाराच्या मापात बसतो.

काळोखी खोली, तिला एक दार, दारातून येणारा उजेड आणि तो जिथे पडायचा ती ठरलेली जागा. कॅमेरा म्हणजे एवढंच. बाकी सगळं या चार गोष्टींवर माणसाचा ताबा वाढवण्यासाठी जोडलेलं आहे. म्हणूनच दहावी झालेलं पोर घरी म्हणतं, "पप्पा, मला खरा कॅमेरा पायजे," आणि उत्तर येतं, "फोन हाय की तुझ्याकडं," तेव्हा त्या दोघांनीही आधी या खोलीत डोकावून बघावं, आणि मगच दुकानात जावं, असं मला मनापासून वाटतं.

फोनपासूनच सुरुवात करू, कारण तो खरोखर चांगला फोटो काढतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात उजेड झेलणारी जी सिलिकॉनची चकती असते, म्हणजे सेन्सर, तिचं क्षेत्रफळ साधारण २५ ते ७० चौरस मिलीमीटर असतं. निकॉनच्या साध्या डीएसएलआरमधला सेन्सर २३.५ मिलीमीटर लांब आणि १५.६ मिलीमीटर रुंद, म्हणजे सुमारे ३६७ चौरस मिलीमीटरचा. कॅननचा किंचित लहान, ३३२ च्या आसपास. या मापाला एपीएस-सी म्हणतात. लग्नाचे मोठे फोटोग्राफर वापरतात त्या फुल फ्रेमचा ८६४. आकडे कोरडे वाटतील, पण एका अद्भुत गोष्टीपाशी ते आपल्याला नेतात.

उजेड कणाकणांनी येतो. त्या कणांना फोटॉन म्हणतात. सिलिकॉनवर फोटॉन पडला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, आणि कॅमेरा प्रत्येक कप्प्यात किती इलेक्ट्रॉन जमले ते मोजतो. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे असे दोन कोटी चाळीस लाख कप्पे, प्रत्येकाची रुंदी मिलीमीटरच्या हजार भागांपैकी जेमतेम चार. आता वळवाचे पहिले थेंब अंगणातल्या फरश्यांवर पडताना आठवा. एका फरशीवर तीन थेंब, शेजारच्या फरशीवर एकही नाही. आभाळ दोघींवर सारखंच आहे, तरी अंगण ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. सर नीट लागली की सगळ्या फरश्या सारख्या भिजतात. उजेडाचं तसंच. एका कप्प्यात सरासरी शंभर फोटॉन पडायचे असतील तर त्यात दहाएकांचा फरक नैसर्गिकपणेच पडतो, म्हणजे दहा टक्के. दहा हजार पडायचे असतील तर फरक शंभरेकांचा, म्हणजे एकच टक्का. रात्रीच्या फोटोत जी किरकिर दिसते, जिला फोटोग्राफर नॉइज म्हणतात, तिचा मोठा भाग असा खुद्द उजेडाच्या स्वभावातून येतो. कंपनीने कितीही पैसे ओतले तरी तो पुसता येत नाही. त्यावर उपाय एकच, जास्त फोटॉन गोळा करायचे.

फोन हे काम हुशारीने करतो. तो एका दमात अनेक फोटो काढतो, एकमेकांवर बसवतो, चेहरा कुठला आणि आभाळ कुठलं ते ओळखतो आणि आपल्याला एकच सुंदर चित्र हातात देतो. त्या चित्रातले बहुतेक निर्णय मात्र दूर कुठेतरी बसलेल्या अभियंत्यांनी आधीच घेऊन ठेवलेले असतात. पंधरा वर्षांच्या मुलीला तलावातल्या संध्यामठाची पावसाळी सावली काळीच ठेवायची असेल, तरी फोन ती उजळून देतो. खरा कॅमेरा घ्यायचा तो या निर्णयांसाठी. उजेड किती घ्यायचा, किती वेळ घ्यायचा आणि सावलीचं काय करायचं, हे तिने स्वतः ठरवावं. ते ठरवताना तिचे शेकडो फोटो फसले तर ती योग्य रस्त्यावर आहे असं समजावं.

हा रस्ता कोल्हापूरने फार आधी चालून पाहिला आहे. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे दोन चुलत भाऊ, आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, पेंटर म्हणूनच ओळखले जात. सिनेमाने दोघांना झपाटलं. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विलायतेला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. कोल्हापूरच्या या भावांनी कॅमेरा स्वतःच बनवायचं ठरवलं. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन काम पुढे नेलं आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू केला. गायिका तानीबाई कागलकरांनी पैशाचं पाठबळ दिलं. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात झळकला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे तो या पराक्रमाची आठवण म्हणून.

पराक्रम किती मोठा, ते हिशेब मांडला तरच कळतं. मूकपटाच्या कॅमेऱ्यात हाताने दांडा फिरवायचा. सेकंदाला दोन फेरे, प्रत्येक फेऱ्याला आठ चित्रं. म्हणजे दर सेकंदाला सोळा वेळा एका नखीने फिल्म एक घर खाली ओढायची, तिथे ती पूर्ण स्थिर थांबवायची, मग झडप उघडायची, उजेड आत घ्यायचा, झडप मिटायची आणि पुन्हा ओढायचं. फिल्मवरचं चित्र जेमतेम २५ मिलीमीटर रुंद. पंधरा फुटांच्या पडद्यावर ते सुमारे १८० पट मोठं होतं. फिल्म थांबायच्या जागेत मिलीमीटरच्या एक दशांशाचीही चूक झाली, तर पडद्यावर चित्र जवळजवळ दोन सेंटीमीटर हिसका खातं. पडदे रंगवणाऱ्या हातांनी हे यंत्र जुळवलं, आणि मग त्याच्यातून भीमाचा कीचकवध पडद्यावर आणला. याच कंपनीत अजून विशीही न ओलांडलेला कोल्हापूरचा एक पोरगा पडेल ते काम करत शिकत होता, पुढे तो व्ही. शांताराम झाला.

बाबूरावांना आपल्या यंत्रातला प्रत्येक खटका ठाऊक होता, कारण तो त्यांनीच बसवला होता. पुढे १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रण केलं. उजेड किती आणि तो कोण ठरवणार, हा प्रश्न त्यांच्यापुरता सुटलेला होता. आजच्या पोराने कॅमेरा घरी बनवायची गरज नाही. पण त्याच्या बोटांखाली तीन खटके तरी असलेच पाहिजेत.

पहिला ॲपर्चर, म्हणजे दाराची रुंदी. लेन्सवर एफ १.८, एफ ५.६ असे आकडे असतात. लेन्सवर मिलीमीटरमध्ये लिहिलेल्या फोकल लेंग्थला त्या आकड्याने भागलं की भोकाचा व्यास मिळतो. ५० मिलीमीटरची लेन्स एफ १.८ ला उघडली की भोक जवळजवळ २८ मिलीमीटरचं, रुपयाच्या नाण्याहूनही मोठं. फोनवरही एफ १.८ लिहिलेलं असतं, पण त्याची लेन्सच पाच-सहा मिलीमीटरची, म्हणून भोक तीन मिलीमीटरचं. आकडा तोच, दार मात्र क्षेत्रफळाने ऐंशीहून अधिक पट लहान. मोठ्या दाराचा आणखी एक गुण असा, की समोरचा चेहरा तेवढा रेखीव येतो आणि मागची गर्दी विरघळून जाते. फोनचा पोर्ट्रेट मोड गणिताने याचीच नक्कल करतो, आणि अनेकदा केसांच्या बटांपाशी अडखळतो.

दुसरा शटर. पैलवानाचा हात सेकंदाला पाच मीटर वेगाने फिरला असं धरा. सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरतं शटर उघडं राहिलं तर तेवढ्यात हात दहा सेंटीमीटर सरकतो आणि फोटोत नुसता फराटा उमटतो. पाचशेव्या भागात तो एकच सेंटीमीटर सरकतो, बोटं मोजता येतात. तिसरा खटका आयएसओ. आलेला संकेत किती फुगवून वाचायचा, हे तो ठरवतो. फुगवताना फोटॉनमधली किरकिरही फुगते.

आता तिन्ही घेऊन गंगावेस तालमीत जाऊ. बाहेर भर उन्हात एक लाख लक्स उजेड असतो. ट्यूबलाइटखालच्या आखाड्यात तो शे-दीडशे लक्स भरतो. सातशे ते हजार पट कमी! आपले डोळे इतक्या सहज जुळवून घेतात की हा फरक आपल्या लक्षातही येत नाही, सेन्सरला मात्र पळवाट नसते. धोबीपछाड गोठवायला शटर १/५०० हवं. एफ १.८ ची लेन्स असेल तर आयएसओ अडीच-तीन हजारांवर भागतं आणि आजचे एपीएस-सी कॅमेरे तेवढं आरामात पेलतात. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. तिथे आयएसओ पंचवीस हजारांपर्यंत न्यावा लागतो आणि लाल मातीचा रंगच हरवतो. दोन लेन्सच्या उजेडात साडेनऊ-दहा पटींचा फरक आहे, आणि या फरकाची किंमत आश्चर्य वाटावं इतकी कमी आहे.

कॅननची ५० मिलीमीटर एफ १.८ एसटीएम ही २०१५ पासूनची लेन्स फक्त १६० ग्रॅमची, आणि नवी घेतली तरी दहा हजारांच्या आसपास मिळते. निकॉनची ३५ मिलीमीटर एफ १.८ डीएक्स २००९ ची, वजन २०० ग्रॅम, जुन्या बाजारात सहज सापडते. निकॉन घेणार असाल तर मी ३५ च सुचवेन. एपीएस-सी सेन्सरवर ५० ची लेन्स आपल्या दहा-बाय-बाराच्या खोलीत भिंतीला पाठ लावायला भाग पाडते, आणि आजीचा फोटो काढताना स्वयंपाकघर चौकटीबाहेर राहतं. आखाड्यासाठी, चेहऱ्यांसाठी मात्र ५० बहारदार.

म्हणून माझं ठाम मत असं: तीस हजारांपर्यंत खर्च करणार असाल तर वीस हजार जुन्या बॉडीला आणि दहा हजार चांगल्या लेन्सला द्या. जुनी बॉडी घेताना कमीपणा वाटून घेऊ नका. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवे डीएसएलआर आणलेले नाहीत, सगळा भर मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे. व्यावसायिक फोटोग्राफर तिकडे वळले तसे त्यांचे उत्तम स्थितीतले डीएसएलआर बाजारात उतरले. निकॉन डी३४०० हा २०१६ चा, कॅनन २००डी हा २०१७ चा. दोन्ही चोवीस मेगापिक्सेलचे. चोवीस मेगापिक्सेलमधून बारा बाय अठरा इंचांची खणखणीत प्रिंट निघते आणि वर उरतं. नवा मिररलेस घ्यायचा तर सुरुवातच पन्नास हजारांच्या आसपास होते. त्याचा एक मोठा गुण मान्य केला पाहिजे: खटका फिरवला की फोटो कसा येणार ते दाबण्याआधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं, त्यामुळे शिकणं वेगाने होतं. ऐपत असेल तर जरूर घ्या. पण त्याची बॅटरी तीन-चारशे फोटोंत दमते, डी३४०० ची प्रमाणित मोजणीत १,२०० फोटो जाते. जोतिबाच्या चैत्री यात्रेला पहाटेपासून डोंगरावर असलेल्या पोराला हा फरक मोठा वाटेल.

काही सापळे ठाऊक असावेत. साठ पट झूम, असं मोठ्या अक्षरात लिहिलेले जाडजूड कॅमेरे दिसायला भारदस्त असतात, पण त्यांतल्या बहुतेकांचा सेन्सर २८ चौरस मिलीमीटरचा असतो, फोनएवढाच. त्यांच्यावर पैसे घालवू नका. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यामुळे स्वस्तात मिळणारी ५० मिलीमीटर एफ १.८ डी ही जुनी लेन्स त्यांच्यावर आपोआप फोकस होत नाही. नावाच्या शेवटी जी असलेली घ्या. आणि फुटबॉलवेड्या पोराला शाहू स्टेडियमवरचे सामने टिपायचे असतील तर त्याला महागडी लेन्स हवी असं कुणी सांगितलं तरी थांबा. सामने दुपारच्या उन्हात चालतात. एफ ५.६, १/१००० आणि आयएसओ ४०० च्या आतच काम होतं. कॅननची साधी ५५-२५० तिथे उत्तम चालते. उजेड भरपूर असेल तिथे स्वस्त लेन्स पुरते, हे वरच्या गणितातून आपोआप येतं. पक्ष्यांचं मात्र वेगळं. कळंबा तलावावरच्या पहाटेच्या अंधुक उजेडात दूरचा पक्षी टिपणं हे खरोखर महाग काम आहे, ते पहिल्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर लादू नये.

जुना कॅमेरा तपासायला एक टॉर्च आणि दहा मिनिटं पुरतात. लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, व्यवहार तिथेच सोडा. एफ १६ ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. सेन्सरवर धूळ असेल तर करडे ठिपके उमटतात, पण ती साफ होते. शटर किती वेळा उडालं, ते निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेलं असतं. कॅननला त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. डी३४०० चं शटर एक लाख वेळांसाठी चाचणी केलेलं आहे. तीस-चाळीस हजार झाले असतील तर पोराच्या कॉलेजपर्यंत काळजी नाही. फोकस नीट बसतो का, फ्लॅश उडतो का, बॅटरी फुगली आहे का, हे तिथल्या तिथे बघा आणि बिल मागा.

बुरशीबद्दल थोडं सविस्तर, कारण आपला जिल्हा गगनबावड्याच्या पावसाचा आहे. हवेतला ओलावा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर टिकला की बुरशीचे बीजाणू लेन्सच्या आत रुजतात आणि काचेवरचा लेप खातात. तो व्रण पुन्हा भरत नाही. कपाटात, कातडी पिशवीत कॅमेरा ठेवणं सर्वांत वाईट. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल, एवढ्यावर पावसाळा निघतो. रंग बदलणारं जेल घेतलं तर ते ओलं झाल्याचं कळतं, आणि तापवून पुन्हा वापरता येतं. उन्हाळ्यातला शत्रू वेगळा. जोतिबावर गुलालाचे ढग उठतात तेव्हा लेन्स चुकूनही बॉडीवरून काढू नये. ती बारीक भुकटी सेन्सरपर्यंत गेली की काढता काढता नाकीनऊ येतात. घरून एकच लेन्स लावून निघावं आणि घरी येऊनच काढावी.

कॅमेरा हातात आला की रॉ फाइल चालू करून द्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या साठतात, रॉमध्ये ४,०९६ किंवा १६,३८४. सावली किती काळी ठेवायची, हा निर्णय त्या पायऱ्यांमुळे नंतरही पोराच्याच हातात राहतो. आणि पहिले सहा महिने दुसरी लेन्स मागितली तरी थोडं थांबायला सांगा. कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर फोकल लेंग्थ, ॲपर्चर, शटर आणि आयएसओ गुपचूप लिहून ठेवतो. सहा महिन्यांनी पोराच्या आवडीचे दोन-तीनशे फोटो कॉम्प्युटरवर घेऊन त्या नोंदी एकत्र वाचा. बहुतेक फोटो किट लेन्सच्या झूमच्या शेवटच्या टोकाला ५५ वर निघाले असतील तर त्याला लांबचं बघायचं आहे, ५५-२५० घ्या. सगळे १८ वर असतील तर रुंद लेन्स. आयएसओ पुन्हा पुन्हा ६,४०० च्या वर गेला असेल तर तो अंधारात रमणारा आहे, त्याला आणखी एक एफ १.८ द्या, दुसऱ्या फोकल लेंग्थची.